थर्मोकपल जुळले, तरी कवचाचे गणित जुळले असे नाही

प्रश्नाचा गाभा असा आहे. फिनॉलिक रेझिन मुरवलेल्या, हलक्या आणि सच्छिद्र कार्बन-तंतूंच्या उष्णताकवचासाठी (वातावरणात शिरणाऱ्या यानाला तापण्यापासून वाचवणाऱ्या थरासाठी) तुम्ही एकमितीय, म्हणजे फक्त जाडीच्या दिशेचा हिशेब करणारे, मॉडेल तयार केले आहे. आर्क-जेट चाचणीत (विद्युत-कमानीने तापवलेल्या वायूच्या झोतात) पृष्ठभागाची झीज मॉडेलने सांगितल्यापेक्षा कमी भरली. आत बसवलेल्या थर्मोकपलांपैकी (तापमान मोजणाऱ्या धातूच्या तारांच्या जोड्यांपैकी) वरच्या दोहोंचे आलेख बऱ्यापैकी जुळतात, पण सर्वांत खोल असलेले थर्मोकपल मॉडेलपेक्षा अधिक तापलेले दिसते. कोळसा झालेल्या थराची उष्णतावाहकता ३० टक्क्यांनी वाढवली की तेही जुळते. ही वाढ कायम ठेवून यानाच्या कवचाची जाडी ठरवावी का, असे तुम्ही विचारले आहे.

माझे उत्तर असे की ती ठेवू नये, निदान अजून तरी नाही. कारण तुमच्याच आकड्यांत दडलेले आहे. मॉडेलमध्ये पृष्ठभाग प्रत्यक्षापेक्षा जास्त झिजतो, म्हणजे मॉडेलमधले खोल थर्मोकपल तापलेल्या पृष्ठभागापासून प्रत्यक्षापेक्षा जवळ आहे. जवळ असूनही ते कमी तापते. उद्या झिजेची चूक सुधारलीत की मॉडेलमधले ते थर्मोकपल आणखी थंड पडेल आणि मग ३० टक्के पुरणार नाहीत. याचा अर्थ हे ३० टक्के म्हणजे पदार्थाचा गुणधर्म नसून परस्परविरुद्ध दिशेच्या दोन चुकांची बेरीज आहे. वेगळ्या उष्माप्रवाहाला किंवा वेगळ्या दाबाला या दोन चुका वेगवेगळ्या प्रमाणात बदलतील, आणि आज जुळलेला आलेख तिथे फसवेल.

आधी ऊर्जेचा जमाखर्च डोळ्यांसमोर आणा. समजा पृष्ठभाग ३००० केल्विनला पोहोचला आहे आणि त्याची उत्सर्जकता, म्हणजे प्रारण सोडण्याची क्षमता, ०.९ आहे. असा पृष्ठभाग प्रत्येक चौरस सेंटीमीटरमागे सुमारे ४१० वॉट प्रारणाने परत फेकतो. त्याच वेळी पृष्ठभागाखाली तापमान प्रत्येक मिलिमीटरला १७० केल्विनने उतरत असेल आणि कोळशाच्या थराची वाहकता १ वॉट प्रति मीटर-केल्विन धरली, तर आत वाहून जाणारी उष्णता जेमतेम १७ वॉट प्रति चौरस सेंटीमीटर होते. झिजणारे कवच स्वतः झिजून उष्णता ‘वाहून नेते’ असे सर्रास सांगितले जाते. जड कवचांच्या बाबतीत आणि अतितीव्र तापमानाला त्यात तथ्य आहे, पण हलक्या कार्बनी कवचांच्या बाबतीत बहुतेक उष्णता तापलेला पृष्ठभाग नुसता चमकून परत टाकतो. यातून तुमच्यासाठी निघणारा अर्थ महत्त्वाचा आहे. पृष्ठभागाचे तापमान जुळले म्हणून वाहकता बरोबर ठरत नाही, कारण पृष्ठभागाच्या हिशेबात वाहकतेचा वाटा चार-पाच टक्क्यांचा आहे. उलट आतल्या थर्मोकपलांसाठी तो चार-पाच टक्के वाटाच सर्वस्व असतो. पृष्ठभाग आणि अंतर्भाग हे दोन वेगळे साक्षीदार आहेत आणि एकाच्या साक्षीवर दुसऱ्याचा निकाल देता येत नाही.

आता झिजेकडे वळू, कारण माझ्या मते पहिली दुरुस्ती तिथेच हवी. तुमचे मॉडेल पृष्ठभागाची झीज बहुधा अमितीय वस्तुमान-प्रवाहाच्या (पृष्ठभागावरून निघणारे वस्तुमान आणि सीमास्तराची वस्तुमान वाहून नेण्याची क्षमता यांच्या गुणोत्तराच्या) तयार कोष्टकातून काढत असावे. ही पद्धत १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात रूढ झाली आणि आजही उद्योगात तीच चालते. पृष्ठभागाचे तापमान, दाब आणि आतून येणाऱ्या वायूचे प्रमाण दिले की किती कार्बन जाईल ते कोष्टक सांगते. कोष्टकामागे रासायनिक समतोलाचे गृहीतक असते, म्हणजे सीमास्तरातून (पृष्ठभागालगतच्या वायूच्या पातळ थरातून) विसरणाने पृष्ठभागापर्यंत पोहोचलेला ऑक्सिजनचा प्रत्येक अणू कार्बनला गाठतोच असे धरलेले असते. या गृहीतकाचा आकडा कागदावर काढता येतो. हवेत वस्तुमानाने ०.२३२ भाग ऑक्सिजन असतो. १६ भाग ऑक्सिजन १२ भाग कार्बन खाऊन कार्बन मोनॉक्साइड बनवतो. म्हणून अमितीय कार्बन-झीज ०.२३२ गुणिले १२ भागिले १६, म्हणजे ०.१७४ येते. हवेतल्या कार्बनच्या कोष्टकात जो लांबलचक सपाट पट्टा दिसतो तो हाच. त्याच्या पलीकडे, वायुमंडलीय दाबाला साधारण ३००० केल्विनच्या वर, कार्बनचे संप्लवन, म्हणजे घनातून थेट वायू होणे, सुरू होते आणि वक्र झपाट्याने वर चढतो.

सपाट पट्टा ही वरची मर्यादा आहे, हे बरेच जण विसरतात. दाब कमी असेल किंवा तापमान पुरेसे नसेल तर अभिक्रियेचा वेग विसरणाच्या वेगापेक्षा मागे पडतो आणि काही ऑक्सिजन कार्बनला न गाठताच निघून जातो. शिवाय सच्छिद्र पदार्थात ऑक्सिजन पृष्ठभागावरच थांबत नाही. तो तंतूंच्या जाळीत काही अंतर आत शिरतो आणि सुमारे १० मायक्रॉन व्यासाचे तंतू टोकाकडून सुईसारखे निमुळते करत जातो. चाचणीनंतरचा नमुना सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला तर हे टोकदार तंतू स्पष्ट दिसतात. अशा वेळी वस्तुमान घटते, पण ‘पृष्ठभाग’ किती मागे सरला हे मोजणाऱ्याच्या व्याख्येवर अवलंबून राहते. त्यामुळे झीज केवळ लांबीने मोजू नका. नमुन्याचे चाचणीपूर्वीचे आणि नंतरचे वजनही मॉडेलच्या वजन-घटीशी ताडून पाहा. लांबी जुळत नसताना वजन जुळत असेल, तर गोष्ट निराळी आहे.

समतोलाचे गृहीतक झीज वाढवून सांगते, याचा उड्डाणातला पुरावा उपलब्ध आहे. २००६ च्या जानेवारीत १२.९ किलोमीटर प्रति सेकंद वेगाने परतलेल्या, धूमकेतूची धूळ आणणाऱ्या स्टारडस्ट कुपीच्या कवचातून नंतर नमुने कापून काढले गेले, तेव्हा मोजलेली झीज अंदाजापेक्षा कमी भरली. २०१२ मध्ये मंगळावर उतरलेल्या क्युरिऑसिटी या नासाच्या रोव्हरच्या साडेचार मीटर व्यासाच्या कवचात सात ठिकाणी थर्मोकपलांचे संच बसवले होते आणि त्यांतले सर्वांत वरचे थर्मोकपल पृष्ठभागाखाली फक्त २.५४ मिलिमीटरवर होते. समतोलाच्या गणितानुसार काही ठिकाणी झीज त्या खोलीपर्यंत पोहोचायला हवी होती. प्रत्यक्षात एकही थर्मोकपल उघडे पडले नाही. मंगळाच्या वातावरणात हा फरक अधिक उठून दिसावा, हे स्वाभाविक आहे. तिथला वायू मुख्यतः कार्बन डायऑक्साइड आहे. ४४ भागांमागे १२ भाग कार्बन जाऊ शकतो असे समतोल म्हणतो, म्हणजे मर्यादा हवेपेक्षाही वरची, ०.२७ च्या आसपास. मात्र ती मर्यादा गाठण्याइतके पृष्ठभागाचे तापमान आणि दाब तिथे असतीलच असे नाही.

तेव्हा तुमच्यासाठी पहिले पाऊल असे. सपाट पट्ट्याऐवजी मर्यादित वेगाच्या ऑक्सिडीकरणाचे प्रारूप जोडा. ते लगेच शक्य नसेल, तर मोजलेली अंतिम झीज उष्माप्रवाहाच्या कालक्रमाच्या प्रमाणात वाटून मॉडेलमध्ये थेट लादा. ही दुसरी युक्ती शास्त्रीय दृष्ट्या ओबडधोबड आहे, पण तिचा एक मोठा फायदा होतो. पृष्ठभागाची चूक बाजूला काढल्यामुळे आतल्या थर्मोकपलांचा प्रश्न एकटा उरतो.

त्याआधी कॅलरीमापकाच्या आकड्याकडेही एकदा संशयाने पाहावे. आर्क-जेटमध्ये उष्माप्रवाह मोजला जातो तो थंड तांब्याच्या कॅलरीमापकाने, आणि त्या मोजमापात दहा-पंधरा टक्क्यांची अनिश्चितता असणे नेहमीचे आहे. त्यातून थंड भिंतीवरचा आकडा तापलेल्या भिंतीसाठी सुधारावा लागतो. प्रवाहाची एन्थाल्पी (वायूने सोबत आणलेली उष्णता-ऊर्जा) २० मेगाज्यूल प्रति किलोग्रॅम असेल आणि २५०० केल्विनच्या भिंतीलगतच्या हवेची सुमारे ३ मेगाज्यूल, तर नुसत्या या सुधारणेने संवहनी उष्णता १५ टक्क्यांनी घटते. त्यावर वायूच्या झोताची सुधारणा येते. आतून बाहेर पडणारा वायू सीमास्तराला पृष्ठभागापासून ढकलतो. स्तरीय प्रवाहात अमितीय वस्तुमान-प्रवाह १ असेल तर रूढ लघुगणकीय सूत्राने संवहन मूळच्या ६९ टक्क्यांवर येते. ही सुधारणा तुमच्या प्रोग्रॅममध्ये एकदाच लागते आहे ना, याची खात्री करा. प्रवाहाच्या गणनेतून आलेल्या उष्माप्रवाहात झोताचा परिणाम आधीच धरलेला असताना पदार्थाच्या मॉडेलने तो पुन्हा लावलेला मी एकाहून अधिक वेळा पाहिला आहे.

पृष्ठभागाखाली रेझिनचे औष्णिक विघटन चालते, आणि विषय इथे खऱ्या अर्थाने समृद्ध होतो. सरावासाठी मुद्दाम रचलेला ‘टॅकॉट’ नावाचा काल्पनिक पदार्थ आहे. त्याचे गुणधर्म सर्वांना खुले असल्यामुळे वेगवेगळे प्रोग्रॅम एकमेकांशी ताडण्यासाठी तो वापरतात. त्यात आकारमानाने १० टक्के तंतू, १० टक्के रेझिन आणि उरलेली ८० टक्के पोकळी आहे. तंतूंचे १६० आणि रेझिनचे १२० मिळून कोऱ्या पदार्थाची घनता २८० किलोग्रॅम प्रति घनमीटर होते. रेझिनचे अर्धे वजन वायू होऊन निघून गेले की कोळशाची घनता २२० उरते. म्हणजे १ सेंटीमीटर जाडीचा थर पूर्ण कोळसला की प्रत्येक चौरस मीटरमागे ६०० ग्रॅम वायू बाहेर पडलेला असतो. हा हिशेब कोणत्याही प्रोग्रॅमआधी हाताने करावा, असे मी नवख्यांना नेहमी सांगतो. चाचणीनंतर कोळशाच्या थराची जाडी मोजून तो लगेच पडताळता येतो.

विघटनाचा वेग आऱ्हेनिअसच्या सूत्राने, म्हणजे तापमानासोबत अभिक्रियेचा वेग कसा वाढतो हे सांगणाऱ्या सूत्राने मांडतात आणि त्याचे स्थिरांक वजन-घट विश्लेषणातून घेतात. तिथे नमुना मिनिटाला १० केल्विन अशा संथ गतीने तापवला जातो. कवचाच्या वरच्या थरात मात्र तापमान सेकंदाला शंभर केल्विन किंवा त्याहूनही वेगाने चढते. फिनॉलिकसाठी पूर्वीपासून वापरात असलेल्या दोन-टप्पी प्रारूपातल्या दुसऱ्या टप्प्याचे सक्रियण तापमान सुमारे २०४४४ केल्विन धरले जाते. ते स्थिरांक जसेच्या तसे घेऊन गणित केले, तर संथ तापवणीत सुमारे ८०० केल्विनला येणारे वजन-घटीचे शिखर सेकंदाला १०० केल्विनच्या गतीला हजार केल्विनच्या पुढे सरकते. दोनशेहून अधिक केल्विनची ही सरक मॉडेल आपोआप देते, हे खरे. पण ती मोजमापाच्या कक्षेबाहेर सहाशेपट वेगाकडे केलेली झेप आहे. वेग बदलला की केवळ तापमान सरकत नाही, तर बाहेर पडणाऱ्या वायूंची घडणही बदलते. पाण्याची वाफ, हायड्रोजन, मिथेन, कार्बन मोनॉक्साइड आणि फिनॉलसारखे जड रेणू यांचे प्रमाण वेगळे निघते. वायूची एन्थाल्पी या घडणीवर ठरते, आणि बाहेर झिरपताना तो वायू गरम कोळशातून किती उष्णता उचलतो हे त्या एन्थाल्पीवर. तुमचे खोल थर्मोकपल मॉडेलपेक्षा गरम आहे, याचे एक साधे कारण असे असू शकते की मॉडेलमधला वायू प्रत्यक्षापेक्षा जास्त गारवा देतो आहे. समतोल घडण धरली तर जड रेणू तुटण्यासाठी लागणारी उष्णताही हिशेबात येते. प्रत्यक्षात काही रेणू तुटायला वेळच न मिळता बाहेर पडतात.

याच्याशी जोडलेली एक चूक मुद्दाम सविस्तर सांगतो, कारण ती आलेखात कधीच दिसत नाही. अनेक प्रोग्रॅममध्ये विघटनाची उष्णता स्वतंत्र आकडा म्हणून दिली जात नाही. ती वायूच्या एन्थाल्पीतून घन पदार्थाची एक सरासरी एन्थाल्पी वजा करून निघते, आणि ती सरासरी कोऱ्या पदार्थाची व कोळशाची एन्थाल्पी घनतेने भारित करून, त्यांच्या फरकाला घनतेच्या फरकाने भागून काढलेली असते. छेदातला हा घनतेचा फरक लहान असतो. त्यामुळे कोळशाची विशिष्ट उष्णता किंचित जरी बदललीत, तरी विघटनाची उष्णता तुमच्या नकळत मोठ्या प्रमाणात बदलते. घन पदार्थाची निर्मिती-एन्थाल्पी एका संदर्भ-अवस्थेवरून, वायूची दुसऱ्या आणि पृष्ठभागाच्या कोष्टकातली तिसऱ्याच संदर्भावरून घेतलेली असेल, तर प्रत्येक किलोग्रॅममागे काही मेगाज्यूल कुठूनतरी उगवतात किंवा गडप होतात, आणि ती तूट भरून काढायला मग बिचारी वाहकता वाढवली जाते. तापमानावर विघटनाची उष्णता किती येते याचा आलेख एकदा स्वतंत्रपणे काढा. तो कुठेतरी अकारण उष्णता सोडणारा निघाला, तर तुमचा शोध तिथेच संपेल.

आता खोल थर्मोकपलाकडे. वाहकतेवर आरोप ठेवण्याआधी नमुन्याची भूमिती तपासायला हवी. असा तंतुमय पदार्थ दाबून घडवताना तंतू बहुतांशी आडवे बसतात, म्हणून जाडीच्या दिशेपेक्षा आडव्या दिशेला उष्णता सुमारे दुपटीने सहज वाहते. आर्क-जेटचा नमुना लहान असतो आणि त्याच्या कडेवरूनही गरम प्रवाह जातो. कडेने शिरलेली उष्णता आडवी चालत मध्यभागाच्या खोल थर्मोकपलापर्यंत उशिरा पोहोचते. वरच्या थर्मोकपलांना तिचा स्पर्श होण्याआधी पृष्ठभागाची उष्णताच त्यांना तापवून जाते. वरची दोन जुळतात आणि खालचे जुळत नाही, हे तुमचे लक्षण नेमके असेच आहे. ओळखायची खूण सोपी आहे: फरक चाचणीच्या उत्तरार्धात आणि झोत बंद झाल्यानंतर वाढत जातो का, ते पाहा. कोऱ्या पदार्थाच्या गुणधर्मांच्या पातळीवर, म्हणजे वाहकता ०.४, घनता २८० आणि विशिष्ट उष्णता १५०० धरून, औष्णिक विसरणाची खोली, म्हणजे उष्णता साधारण किती आत शिरते ते अंतर, १०० सेकंदांत सुमारे १ सेंटीमीटर भरते. आडव्या दिशेला वाहकता दुप्पट असेल तर तीच साधारण १४ मिलिमीटर होते. नमुन्याची त्रिज्या याच्या दुप्पट-अडीचपट असेल तर एकमितीय मॉडेलवर फार काळ विसंबता येत नाही. द्विमितीय, अक्षसममित गणना एकदा करून पाहा. त्या ३० टक्क्यांतला मोठा भाग तिथेच विरघळेल, असा माझा अंदाज आहे.

दुसरी गोष्ट थर्मोकपलाच्या खोलीची. मी या कामात नवा असताना आमच्या गटाने एका नमुन्याच्या कोळशाच्या वाहकतेशी दोन महिने झुंज दिली. तापमानानुसार बदलणारा एक देखणा वक्र तयार झाला, अहवालही लिहून झाला. मग कोणीतरी नमुन्याचे एक्स-रे चित्र मागवले, तेव्हा थर्मोकपलाचे टोक आराखड्यातल्या खोलीपेक्षा अर्धा मिलिमीटर वर बसलेले दिसले. मिलिमीटरला १७० केल्विनचा उतार असताना अर्धा मिलिमीटर म्हणजे ८५ केल्विन! दोन महिन्यांत जो फरक आम्ही पदार्थशास्त्राने समजावून सांगितला होता, तो ड्रिलने केलेल्या भोकाच्या खोलीत होता. तेव्हापासून चाचणीपूर्व एक्स-रे नसलेल्या नमुन्यावरून मी कोणताही गुणधर्म ठरवत नाही. थर्मोकपलाच्या तारा काही अंतरापर्यंत समतापी पातळीत, म्हणजे पृष्ठभागाला समांतर नेल्या आहेत की थेट खाली उतरवल्या आहेत, हेही विचारा. पदार्थ इतका मंदवाहक असतो की थेट उतरणारी धातूची तारच टोकावरची उष्णता खाली ओढून नेते आणि मोजमाप खोटे पाडते.

हे सर्व झाल्यावरही फरक उरला तर वाहकतेचा विचार करावा, पण तोही एकट्या वाहकतेचा नव्हे. बदलत्या तापमानाच्या आलेखातून मुख्यतः विसरणक्षमता कळते, म्हणजे वाहकतेला घनता आणि विशिष्ट उष्णता यांच्या गुणाकाराने भागून येणारी राशी. वाहकता ३० टक्क्यांनी वाढवा किंवा विशिष्ट उष्णता २३ टक्क्यांनी घटवा, खोल थर्मोकपलाचा आलेख जवळपास तसाच येईल. एकाच प्रकारच्या मोजमापातून दोन अज्ञात राशी सुटत नाहीत, मग इष्टतमीकरणाचा प्रोग्रॅम कितीही हुशार असो. विशिष्ट उष्णता स्वतंत्र कॅलरीमितीतून घ्या आणि ती गोठवा. वाहकतेचे मोजमापही कोणत्या दाबाला झाले ते पाहा. सच्छिद्र पदार्थात पोकळीतल्या वायूतून होणाऱ्या वहनाचा वाटा दाबावर अवलंबून असतो. उच्च तापमानाला पोकळीतले प्रारण तापमानाच्या घनाच्या प्रमाणात वाढत जाऊन वहनावर मात करते. त्यामुळे सरसकट ३० टक्के वाढ ही भौतिक दृष्ट्याच संशयास्पद ठरते: तंतूंतून होणारे वहन, वायूतले वहन आणि पोकळीतले प्रारण हे तीन वाटे वेगळे मांडा आणि बदल करायचाच असेल तर तो कोणत्या वाट्यात करता आहात, हे सांगता आले पाहिजे.

तुमच्या प्रश्नात वायूच्या दाबाचा उल्लेखच नाही, आणि मला त्याची चिंता अधिक वाटते. बहुतेक एकमितीय प्रोग्रॅममध्ये विघटनातून झालेला वायू तयार होताक्षणी पृष्ठभागातून बाहेर पडतो असे धरतात. आत दाब साठत नाही. तुमच्या पदार्थाची पारगम्यता (वायूला आरपार जाऊ देण्याची क्षमता) मोठी असल्यामुळे हे सहसा चालून जाते. सगळीकडे ते चालत नाही, हे नासाच्या आर्टेमिस-१ या मानवरहित चंद्रमोहिमेने दाखवले. तिची ओरायन कुपी ११ डिसेंबर २०२२ रोजी चंद्राकडून परतली. तिच्या कवचाचा ॲव्हकोट हा पदार्थ अपोलोच्या काळापासूनचा आहे. फरक इतका की पूर्वी मधपोळ्यासारख्या जाळीच्या लाखो खणांत तो एकेक करून भरला जाई, तर या वेळी त्याचे ठोकळे बनवून चिकटवले होते. कुपीने वातावरणात एक बुडी घेतली, थोडी वर उसळली आणि मग दुसऱ्यांदा आत शिरली. परतल्यावर पाहिले तर कोळशाचे तुकडे अनेक ठिकाणी अनपेक्षितपणे निखळून गेले होते. नासाने डिसेंबर २०२४ मध्ये कारण जाहीर केले. दोन बुड्यांमधल्या काळात पृष्ठभागावरचा उष्माप्रवाह घटला, त्यामुळे वायूला वाट देणारा सच्छिद्र कोळसा सावकाश तयार झाला. पण आधी शोषलेल्या उष्णतेने आतले विघटन चालूच राहिले. वायूला बाहेर पडायला वाट नव्हती, दाब साठला आणि पदार्थ तडकला. जमिनीवरच्या आधीच्या चाचण्यांत उष्माप्रवाह उड्डाणापेक्षा तीव्र ठेवला होता, म्हणून तिथे कोळसा लवकर सच्छिद्र झाला आणि दोष दिसलाच नाही. जास्त तीव्र चाचणी म्हणजे जास्त सुरक्षित चाचणी, हा आमच्या क्षेत्रातला जुना समज तिथे उघडा पडला. कुपीच्या आतले तापमान मात्र पूर्ण वेळ सुखद होते. म्हणजे तापमानाच्या नोंदी पाहून त्या कवचाला कोणीही पूर्ण गुण दिले असते.

म्हणून मॉडेलमध्ये डार्सीच्या नियमाने (सच्छिद्र पदार्थातला प्रवाह दाबाच्या उताराशी जोडणाऱ्या नियमाने) वायूचा प्रवाह आणि दाब निदान एकदा तरी सोडवून पाहा, आणि त्यासाठी कोऱ्या व कोळसलेल्या अशा दोन्ही पदार्थांची पारगम्यता मोजून घ्या. दोन टोकांमधल्या अर्धवट अवस्थेत ती कशी बदलते, यावर बरेच अवलंबून असते. दाबाचे शिखर पदार्थाच्या जाडीच्या दिशेतील ताणसामर्थ्याच्या जवळपासही जात नसेल, तर नंतर खुशाल साधे मॉडेल वापरा.

बाहेरच्या प्रवाहाबद्दल थोडेच सांगतो, कारण तो वेगळा विषय आहे. गॅलिलिओ मोहिमेचे उपयान ७ डिसेंबर १९९५ रोजी सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने गुरूच्या वातावरणात शिरले. त्याच्या १५२ किलोग्रॅम कवचापैकी सुमारे ८० किलोग्रॅम झिजून गेले. एकूण अंदाज फार चुकला नव्हता, पण नाकाजवळ झीज अपेक्षेपेक्षा कमी आणि खांद्याकडे अपेक्षेपेक्षा बरीच जास्त झाली. त्यामुळे आर्क-जेटमध्ये मध्यबिंदूवर जुळलेले मॉडेल कडेच्या भागाला लावताना कर्तन-ताण (पृष्ठभागावर घासत जाणाऱ्या प्रवाहाचा ओढा), प्रक्षुब्धता आणि कोळशाचे कण उडून जाणे यांची वेगळी परीक्षा लागते.

संख्यात्मक बाजू आटोपती घेतो. पृष्ठभागाजवळच्या पहिल्या कप्प्याची जाडी अर्धी करून आणि कालपायरी अर्धी करून उत्तर बदलत नाही, हे दाखवा. विघटनाचा पट्टा अरुंद असल्यामुळे तिथे गणनेच्या कप्प्यांची जाळी भरड असेल तर वायूचा प्रवाह झटक्या-झटक्याने येतो. सरकती जाळी वापरत असाल तर प्रत्येक वेळी शेवटी ऊर्जा आणि वस्तुमान यांची एकूण बेरीज-वजाबाकी छापा. ती एका टक्क्याच्या आत बंद होत नसेल, तर पदार्थाच्या गुणधर्मांवर बोलण्यात अर्थ नाही.

पुढच्या कामाचा क्रम मी असा ठेवीन. प्रथम नमुन्याचे वजन, झीज आणि कोळशाची जाडी हे तिन्ही हाताच्या हिशेबाशी ताडायचे आणि एक्स-रे काढलेले असल्यास थर्मोकपलांच्या खऱ्या खोल्या भरायच्या. मग झीज लादून, द्विमितीय भूमितीत, वाहकतेला हात न लावता गणना करायची. त्यानंतर उरलेला फरक विघटनाच्या उष्णतेत आणि वायूच्या एन्थाल्पीत शोधायचा. एवढे करूनही कोळशाच्या वाहकतेत दहा टक्के वाढ लागलीच, तर ती पोकळीतल्या प्रारणाच्या वाट्यात घाला, कारण अनिश्चितता तिथेच सर्वाधिक आहे. मग निम्म्या उष्माप्रवाहावर घेतलेली आणि जुळवणीत न वापरलेली एखादी चाचणी उघडा आणि काहीही न बदलता तिचे तिन्ही आलेख काढा. निम्म्या उष्माप्रवाहाला पृष्ठभाग थंड असल्यामुळे प्रारणाचा वाटा झपाट्याने घसरतो, त्यामुळे वाढ चुकीच्या जागी घातली असेल तर खोल थर्मोकपल लगेच चुगली करील. तेही जुळले तर तो आकडा गुणधर्मांच्या कोष्टकात लिहा, आणि जाडी ठरवताना त्याच्यासोबत त्याची अनिश्चितताही धरा. कवचाखालच्या गोंदाची मर्यादा सामान्यतः २५० अंश सेल्सियसच्या आसपास असते आणि मिलिमीटरभर जाडीचा निर्णय तिथे पोहोचायला किती अवकाश उरतो यावर होतो.